सीमेवरच्या बाईचा फोन

सायप्रस फोर्ड, आर्कान्सा
सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

रस,

कोच ट्रॅमल गेले. परवा शनिवारी सकाळी, मॅच सुरू व्हायला दोन तास असताना. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि गेलं वर्षभर त्यांना घरची माणसंही ओळखू येत नव्हती, म्हणजे सुटले असंच म्हणायला हवं. पण इथे तसं कुणी म्हणत नाही. कुणीतरी तरणाताठा माणूस भररस्त्यात मारून टाकावा, असं गाव वागतंय.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. सख्ख्या बहिणीचा फोन न घेणारा आणि वर्षातून एकदा पोस्टकार्डावर चार ओळी खरडणारा भाऊ नेमका माझ्याच वाट्याला आला. असो. तो विषय आज नको.

स्टेडियमच्या दक्षिण फाटकापाशी ढीग लागलाय. कोचच्या खिशात कायम उकडलेल्या शेंगा असायच्या, आठवतं ना, आणि पंचाचा निर्णय पटला नाही की टरफलं मैदानात पडायची. तर लोक उकडलेल्या शेंगांच्या पिशव्या आणून ठेवताहेत. रबरी बेडूक, हिरव्या टोप्या, मेणबत्त्या, आणि मध्ये हा शेंगांचा डोंगर. खारींची चंगळ झाली आहे. काल कॉलेजने एक माणूस झाडू देऊन पाठवला, तर लोक त्याच्या अंगावर धावून गेले. तो बिचारा शेवटी झाडू बाजूला ठेवून स्वतःच रडायला लागला.

शनिवारची मॅच झाली. व्हायला नको होती. समोरच्यांच्या हातात चेंडू आला की आपण अकरा हजार माणसं डराँव डराँव करून त्यांचे कान किटवतो, आपल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं, बुलफ्रॉग्जचं, म्हणजे या बेडकांचं दुसरं काही नाव असो नसो, हे आहे. परवा कुणीतरी सुरुवात केली आणि दोनच डराँवनंतर आवाज बसला. मग कुणी केलंच नाही. समोरची पोरं गोंधळून आपल्याकडे बघायला लागली. आपण हरलो आणि कुणी शिव्या दिल्या नाहीत, यावरून काय ते समज.

श्रद्धांजली सभा एकोणीस तारखेला, शनिवारी, मैदानातच. रेडिओवाला ओडेल पिकेट सगळं जमवतोय. ज्याला बोलायचंय त्याला माईकवर एक मिनिट मिळणार, आणि मधेमधे कोचच्या सोमवारच्या रेडिओ कार्यक्रमातल्या जुन्या टेपा वाजवणार. त्यात 'सीमेवरच्या बाई'चा फोन असणार, हे सांगायला नको. एक्क्याण्णव साली कुणा बाईने फोन करून तुला टीममधून काढा म्हणून कोचना सुनावलं होतं आणि कोच म्हणाले होते, "शनिवारी या, बाईसाहेब. पुढे बसा." गावाने हे वाक्य डोक्यावर घेतलंय. टीशर्टवर आहे, न्हाव्याच्या आरशावर आहे, चर्चच्या पाटीवर आहे. द्वेषाने बोलणाऱ्या बाईलाही कोचनी बसायला जागा दिली, असं पाद्रीबाबा सांगतात.

ओडेल तुला फोन करेल. जुन्या सगळ्या खेळाडूंना करतोय. ये किंवा नको येऊस असं मी काहीच म्हणत नाही. ऑरेगन लांब आहे, विमानाचा प्रवास तुला सोसत नाही, आणि ती टेप ऐकून तुला त्रास होईल. एवढंच.

लूरीन


गुरुवार, १० ऑक्टोबर

रस,

मागचं पत्र पोचलं नसेल तोवर हे टाकते आहे. दुपारची सुट्टी आहे. शाळेच्या मुलांची जेवणं उरकली, भांडी घासून झाली, तरी पुन्हा एकदा ओटा पुसला. मग तोही दुसऱ्यांदा पुसला. हात स्वस्थ राहत नाहीत.

ओडेल काल घरी आला होता. तू त्याला काय सांगितलंस ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. "त्या माणसाने माझी थट्टा केली होती, मी त्याच्या नावाने रडायला दोन हजार मैल येणार नाही." ओडेलचा चेहरा पडला होता. त्याला वाटत होतं तू येशील, तू मैदानात उभा राहशील, टेप वाजेल आणि गाव तुझ्यासाठी उभं राहील. एक्क्याण्णवच्या त्या शरदात, तू किक हुकवायला लागलास तेव्हा, आपल्या घरावर अंडी फेकणाऱ्यांतला तोही एक होता. हे त्याने काल माझ्या स्वयंपाकघरात कबूल केलं, आणि मग माझ्याच मक्याच्या भाकरीचे तीन तुकडे खाल्ले.

तो गेल्यावर मला बरं वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं. तू येत नाहीस म्हणून. मग मागल्या अंगणात जाऊन कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे टाकले, कारण आपल्याला हायसं का वाटावं हे मला चांगलं ठाऊक होतं.

तुला पपांच्या दफनाचा दिवस आठवत असेल. आठ वर्षं झाली. आपण दोघं चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो, आणि पंचवीस वर्षांत तू पहिल्यांदा तुझ्या त्या शेवटच्या मॅचबद्दल बोललास. कोच मैदानात उतरायच्या आधी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "पहिल्या रांगेत बघ. तिथे तुझं माणूस बसलेलं असेल." तू किक मारायच्या आधी बघितलंस. तिथे गवताची टोपी घातलेला कुणी अनोळखी बाप्या पाय पसरून शेंगा खात होता. दोन सेकंद उरलेली, एका गुणाने आपण मागे, चौतीस यार्डांची किक. तू म्हणालास, "तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, हा म्हातारा कोच माझी थट्टा करतोय." चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. त्यानंतर कोचनी तुला किती पत्रं लिहिली, तू एकही उघडलं नाहीस.

त्या दिवशी मी तुला काय म्हटलं? म्हटलं, "जाऊ दे, जुनी गोष्ट." आणि तुझ्या हातात कॉफीचा पेला दिला.

ओडेलला आणखी एक खूळ लागलंय. त्याला ती सीमेवरची बाई शोधायची आहे. फोनवर तिने सांगितलं होतं की मी लुइझियानाच्या सीमेवरून बोलतेय. म्हणे, जिवंत असेल तर ऐंशीची तरी असेल, तिला खुर्चीत बसवून मैदानात आणू, ती कोचची माफी मागेल, काय दृश्य होईल! त्याने तिकडच्या तीन गावांतल्या वृद्धाश्रमांना फोन लावलेत. एका म्हातारीने तर हो, मीच ती, असं सांगूनही टाकलं. ती एक्क्याण्णव साली अलास्कात होती हे मागाहून निघालं. माझा नवरा ड्वेन हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. मीही हसले.

त्या बाईची काही बाजू असेल की नाही, हे तेहेतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मी आपली विचारते.

घंटा झाली.

लूरीन


शनिवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

रस,

ती बाई मी होते.

बघ, लिहिलं. तीन कागद फाडले आणि मग सरळ लिहिलं.

मी तेव्हा फिशरच्या पेंडीच्या दुकानात गल्ल्यावर होते. सोमवार होता, सात वाजत आले होते, दुकान बंद करायचं होतं. रेडिओ चालू होता आणि कोच मासळीच्या हॉटेलातून लोकांच्या फोनना उत्तरं देत होते. तू ओळीने तीन मॅचमध्ये किक हुकवली होतीस. घराच्या भिंतीवरचा अंड्याचा बलक मी त्याच सकाळी खरवडून काढला होता. पपांनी न्हाव्याकडे जाणं सोडलं होतं, केस मानेवर आले होते त्यांचे. तू जेवत नव्हतास. कॉलेजात तुझ्या कपाटाच्या दारावर कुणीतरी मेलेला बेडूक खिळ्याने ठोकला होता.

मला वाटलं, तुला बसवलं तर बरं. खेळलाच नाहीस तर हुकणार नाही, आणि हुकला नाहीस तर हे लोक विसरतील. स्वतःच्या नावाने कोचना सांगायला गेले असते तर त्यांनी ऐकलं नसतं, आणि तुला कळलं असतं. म्हणून फोनच्या तोंडावर रुमाल धरला, आवाज नाकातून काढला, आणि सीमेवरून बोलते म्हणून सांगितलं. तुझ्या भल्यासाठी केलं. पद्धत चुकली असेल, पण मनात वाईट नव्हतं.

मी जास्त काही बोलणार नव्हते. टीव्हीवर वकिलाला बघून आपणही वकिलासारखं बोलायला लागतो ना, तसं झालं. फोन हातात आला आणि तोंड सुटलं.

आता हे पाकिटात घालते.


रविवार, १३ ऑक्टोबर, दुपार

काल टाकलं नाही. टपालाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. ड्वेनने विचारलं, काय विसरलीस? मी म्हटलं, तिकीट. तिकीट लावलेलं त्याला दिसत होतं. बावीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकलाय की काही विचारायचं नाही.

काल वाचून बघितलं. वरचं सगळं खरं आहे आणि तरी ते खोटं आहे.

तुझ्या भल्यासाठी केलं नाही रे. मला तुझी लाज वाटत होती.

दुकानात पेंड न्यायला येणारा प्रत्येक जण मला विचारायचा, काय मग, भावाला चष्मा घेऊन दिला का? पोतं उचलता उचलता हसायचे. सव्वीस वर्षांची होते, लग्न ठरत नव्हतं, आईच्या मागे तुम्हा दोघांची जेवणं करत होते, आणि त्या गावात माझी एवढीच ऐट होती की मी रस टॅकेटची बहीण. कुरणात तू आठ वर्षांचा असल्यापासून चेंडू मी धरायचे. गुडघ्यावर बसून, एका बोटाखाली टेकवून. तू धावत यायचास. पाचशेदा, हजारदा. एकदा तुझा बूट माझ्या बोटावर बसला, तरी मी बोट काढलं नव्हतं. पुढे कॉलेजात तुला रोज पहाटे सरावाला ट्रकमधून सोडायचे, आणि कोच खिडकीपाशी येऊन माझ्याशी दोन शब्द बोलून जायचे. "तुमचा भाऊ पायाने मारतो," ते म्हणायचे, "पण नेम तुमचा आहे." सगळं गाव हे ऐकून होतं. आणि मग तू हुकायला लागलास, आणि हसणं माझ्यावर आलं.

त्या फोनवर मी काय बोलले ते टेपवर आहे. शनिवारी अकरा हजार माणसं ऐकतील, त्याआधी तू माझ्याकडून ऐक. मी म्हटलं, "त्या पोराच्या पायात दम नाही, आणि काळजात तर मुळीच नाही. त्याच्या घरच्यांनाही त्याची शरम वाटते, मला माहितीये." घरच्यांना. ते मी म्हटलं.

कोच शेंगा चावत होते, ते रेडिओवर ऐकू येत होतं. मग म्हणाले, "बाईसाहेब, किक मारणारा एकटा मारत नाही. चेंडू धरणाऱ्याने बोट काढून घेतलं की कुणाचाही नेम चुकतो. मी त्याला खेळवणार आहे. शनिवारी या, बाईसाहेब. पुढे बसा." मी रुमालासकट फोन ठेवून दिला.

गावाला वाटतं ते कुणा अनोळखी बाईशी बोलत होते. मीही स्वतःला तेच सांगत राहिले, बुधवारपर्यंत.

बुधवारी दुकानात एक पाकीट आलं. आत एक तिकीट. पहिली रांग, तू सराव करायचास त्याच्या बरोबर समोर. चिठ्ठी नाही, नाव नाही, फक्त पाकिटाच्या तळाशी शेंगेचं एक टरफल. त्यांनी मला पहिल्या शब्दाला ओळखलं होतं. ओळखूनही अख्ख्या जिल्ह्यासमोर माझं नाव घेतलं नाही. आणि तुला मात्र सांगितलं, पहिल्या रांगेत बघ.

ते थट्टा करत नव्हते, रस. ती जागा माझी होती. ते मला बोलावत होते आणि तुला माझ्या हवाली करत होते.

मी ते तिकीट कोंबड्यांचं खाद्य न्यायला आलेल्या एका माणसाला देऊन टाकलं. नाव विचारलं नाही. गवताची टोपी होती. म्हटलं, मला काम आहे, तुम्ही जा. तो खुश झाला. आणि शनिवारी मी लिटल रॉकला मावशीकडे जाऊन तिचे पडदे धुतले. रेडिओ लावू दिला नाही तिला. का गेले नाही, असं विचारशील. मी तुझ्यासमोर बसून तुझ्याकडे बघू शकले नसते. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

फोनचं पाप एकवेळ तू माफ करशील. तेव्हा सगळं गावच तुला शिव्या देत होतं, त्यात एक आवाज माझा. पण पपांच्या दफनाच्या दिवशी तू त्या टोपीवाल्याबद्दल सांगितलंस, तेव्हा मला सगळं कळलं होतं. तू कोचवर तेहेतीस वर्षं राग धरलास तो माझा होता. कोच तेव्हा जिवंत होते, शुद्धीत होते, दोन मैलांवर राहत होते. मी पायऱ्यांवरून उठून तुला ट्रकमध्ये बसवून त्यांच्या दारात नेलं असतं तर पुरलं असतं. मी तुला कॉफी दिली.

ते दरवर्षी मला दुकानात, चर्चमध्ये, नंतर शाळेत भेटायचे. "रसची काही खबर?" एवढंच विचारायचे. एकदाही दुसरं काही नाही. गेल्या वर्षी त्यांना माझं नाव आठवेनासं झालं, आणि मला त्यातही हायसं वाटलं. अशी मी आहे.

तू सभेला ये असं आता म्हणते. माझ्यासाठी नाही. मला भेटू नकोस, घरी येऊ नकोस, मी कुठे बसलेय ते बघू नकोस. पण तो माणूस तुझा होता आणि तो मी तुझ्यापासून काढून घेतला. गेला आहे, पण तुझा म्हणून तर जाऊ दे.

उद्या टपालाला सुट्टी आहे, परवा सकाळी हे एक्स्प्रेसने टाकते. दोन दिवसांत पोचेल. या वेळी पेटीत नाही, खिडकीवरच्या बाईच्या हातात देईन, म्हणजे परत घेता येणार नाही.

लूरीन


रविवार, २० ऑक्टोबर

रस,

मी तुला बघितलं.

समोरच्या बाजूला, वरून तिसऱ्या रांगेत, राखाडी जाकीट. केस पपांसारखे मागे सरकलेत. तू बसलेलास ते एकट्याने, दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या, आणि तरी तुला कुणी ओळखलं नाही. मी ओळखलं, तू धावत येण्याआधी उजवा खांदा झटकायचास तसा झटकलास तेव्हा. ड्वेनला मी काही सांगितलं नाही. नुसता त्याचा हात धरला, तर तो म्हणाला, माझी बोटं मोडशील.

दहा हजारांच्या वर माणसं होती. पहिला तास लोक माईकवर येऊन तीच तीच गोष्ट सांगत होते, कोचनी कुणाचा टायर बदलला, कुणाच्या आईला दवाखान्यात भेटले. ओडेल हातात घड्याळ घेऊन उभा. एक मिनिट झालं की खांद्यावर टकटक. पाद्रीबाबांनाही त्याने सोडलं नाही.

मग त्याने टेप वाजवली. माझा आवाज त्या सगळ्या भोंग्यांतून मैदानभर फिरला. नाकातून काढलेला, सव्वीस वर्षांचा. लोकांनी हुर्यो केली, माझ्या शेजारचा म्हातारा उठून "चूप बस, सटवे" म्हणाला. मी त्याच्याबरोबर उभी होते. टीशर्ट घातला नव्हता, एवढी अक्कल होती. मग कोचचा आवाज आला, ते शेंगा चावणं, आणि ते वाक्य, आणि सगळं मैदान ते त्यांच्याबरोबर म्हणालं. मी तुझ्याकडे बघत होते. तू म्हणाला नाहीस. तू जाकिटाच्या बाहीने तोंड पुसत होतास.

आणि तू उठून माईककडे चालायला लागलास.

तू नाव सांगितलंस तेव्हा आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. तू म्हणालास, "मी कोचवर तेहेतीस वर्षं राग धरला. त्यांनी काही केलं नव्हतं. समजायला मला उशीर झाला, आणि चूक माझीच होती. कोच, तुमची पत्रं मी जपून ठेवलीत. घरी जाऊन वाचणार आहे." एवढंच. तुझं मिनिट अर्धंसुद्धा झालं नव्हतं. ओडेल घड्याळ बघायचं विसरला आणि तुझ्या गळ्यात पडून हमसून रडला. आणि मग मागून कुठून तरी डराँव सुरू झालं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. सगळे उभे. तुझ्यासाठी, रस. तुझ्या दारावर बेडूक ठोकणारेही त्यातच होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चूक माझीच होती, असं तू का म्हणालास? माझं नाव घेतलं असतंस तर मी तिथल्या तिथे खाली बसले असते, आणि संपलं असतं. तू घेतलं नाहीस. कोचनीही घेतलं नव्हतं. तुम्ही दोघांनी मिळून मला अशी सोडली आहे की मला कुठे उभं राहावं कळत नाही.

तू फाटकाकडे गेलास. शेंगांच्या ढिगापाशी थांबलास, मग दिसेनासा झालास. माझ्या बाजूला फिरकला नाहीस. मीच तसं लिहिलं होतं, मग तक्रार कसली.

मी रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे सात जण होते आणि प्रत्येकाचा टायर कोचनीच बदललेला. माझी पाळी आली तोवर वीस मिनिटं गेली होती. तू विमानतळाच्या रस्त्याला लागला असशील, असं मला वाटलं. तरी बोलले. म्हटलं, "मी लूरीन टॅकेट. सीमेवरची बाई मी आहे. कोचना माहीत होतं. त्यांनी मला पहिल्या रांगेचं तिकीट पाठवलं आणि मी गेले नाही. माझा भाऊ मला शोधत होता, म्हणून त्याची किक हुकली. त्याच्या पायात दम होता आणि काळजातही होता. माझ्यात नव्हता."

तुला वाटेल गाव अंगावर आलं. तसं काही झालं नाही. ड्वेन उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. मग माझ्या मागे रांगेत असलेला एक गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, झालं का तुमचं? मला तीन वाजता गाई बघायच्यात." ओडेलने माझ्या खांद्यावर टकटक केली. मी बाजूला झाले, आणि त्या गृहस्थाने टायरची गोष्ट सांगायला घेतली.

तेहेतीस वर्षं मी ज्या गोष्टीखाली वाकून चालले, तिला गावाने एक मिनिट दिलं. आज चर्चमध्ये कुणी माझ्या शेजारी बसलं नाही, हे खरं. कोचच्या बायकोने मात्र पुढच्या बाकावरून मागे वळून बघितलं आणि मान डोलावली. काय समजायचं ते समजले. बाकीच्यांचं काही वाटत नाही. वाटेल असं वाटलं होतं, पण नाही.

ओडेलची बायको काल गाड्या उभ्या करायच्या मैदानाच्या फाटकावर होती. चर्चनंतर ती माझ्याकडे आली. आधी म्हणाली, तू असं करशील असं वाटलं नव्हतं, आणि मग आणखी दोनचार गोष्टी, त्या माझ्या मला. मग म्हणाली, एक सांगायचं राहिलं. रस, तुझी भाड्याची पांढरी गाडी तिच्या फाटकापाशी आली होती. इंजिन चालू, तिने तुझ्यासाठी दोरी बाजूला केली, मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तू काच खाली केलीस आणि हललाच नाहीस. मैदानातले भोंगे तिथपर्यंत ऐकू जातात. तिथे कोण बोलत होतं ते तिला तेव्हा कळलं नाही, ती दोरीत गुंतलेली. मग भोंग्यातून कुणीतरी गाईंबद्दल काही म्हणालं, तेव्हा तू काच वर केलीस आणि गेलास.

म्हणजे तू ऐकलंस. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मी इथे लिहिणार होते की मला एवढं पुरे. दुपारपासून तेच लिहायचा प्रयत्न करते आहे. घर दोनदा झाडलं, ड्वेनच्या शर्टाला नसलेली बटणं लावली. पुरे नाही, रस. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की माझा भाऊ आम्हाला सोडून निघून गेला. पपांना सांगितलं, ड्वेनला सांगितलं, शाळेतल्या बायांना सांगितलं. तू कुठे गेला होतास? तू मैदानात उभा राहून माझ्याकडे बघत होतास. निघून मी गेले होते, लिटल रॉकला, पडदे धुवायला.

मंगळवारी सकाळच्या बसने निघते आहे. चार ठिकाणी बदलायची आहे. टेक्सासच्या पलीकडे मी कधी पाऊल टाकलेलं नाही, त्यामुळे कुठेतरी चुकेनच, पण विचारत विचारत येईन. तुझ्या गावी, अ‍ॅस्टोरियाला, शुक्रवारी दुपारी तीन वाजता पोचते. तुला घ्यायला यायचं कारण नाही. पत्ता माझ्याकडे आहे. तू दार उघडलं नाहीस तर मी पायरीवर बसेन, आणि संध्याकाळ झाली तरी उठणार नाही.

लूरीन